पांढरी पाच ते काळी पाच : ड्रम कोरचा बदलता आवाज

गाणाऱ्या माणसाला 'तुमची पट्टी कोणती?' असं विचारलं की तो विचार न करता 'काळी चार' किंवा 'पांढरी दोन' सांगून मोकळा होतो. अमेरिकेत तरुण पोरांचा एक अख्खा वाद्यप्रकार असाच जवळपास ऐंशी वर्षं एकाच पट्टीत वाजत होता. पट्टी होती पांढरी पाच, म्हणजे इंग्रजी 'जी'. २००० साली नियम बदलला आणि बघता बघता बहुतेक संघांनी काळी पाच धरली. पट्टी चढली अवघी तीन घरं. पण त्या तीन घरांवरून जुनी मंडळी आजही हळहळतात, आणि त्या काळच्या रेकॉर्डिंगवर जीव टाकतात.

या प्रकाराचं नाव ड्रम अँड ब्यूगल कोर. स्पेलिंगात शेवटी 'पीएस' आहे, पण उच्चार 'कोर' एवढाच. लांबून बघणाऱ्याला हा कॉलेजचा बँडच वाटतो, पण तो तसा नाही. सनई, क्लॅरिनेट, बासरी, सॅक्सोफोन अशी फुंकून वाजवायची बाकीची वाद्यं इथे पहिल्यापासून चालत नाहीत, आजही नाहीत. फक्त पितळ, ढोल आणि झेंडे. पितळवाले म्हणजे हॉर्नलाइन, ढोलवाले म्हणजे ड्रमलाइन, आणि झेंडे, लाकडी रायफली, तलवारी फिरवत नाचणारे ते कलर गार्ड. हे संघ कुठल्या शाळा-कॉलेजाचे नसतात. विशीच्या आसपासची मुलंमुली निवड होऊन येतात, पदरचे पैसे भरतात, उन्हाळाभर शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपतात, दिवसाला दहा-बारा तास तालीम करतात आणि रात्री बसमध्ये बसून पुढच्या गावाला जातात. हे सगळं कशासाठी, तर साधारण अकरा-बारा मिनिटांच्या एकाच कार्यक्रमासाठी. मे-जूनपासून ऑगस्टपर्यंत तेच वाजवायचं. गणपतीआधी दोन महिने नदीपात्रात घाम गाळणाऱ्या पथकातल्या पोरांना यात वेडेपणा दिसणार नाही.

या कलेतल्या लोकांच्या लाडक्या क्षणांची यादी काढली, तर जवळपास प्रत्येक क्षणामागे एक नियम सापडतो. त्या वर्षी काय वाजवायची परवानगी होती आणि कुणी ती कुठवर ताणली, यावर सगळं अवलंबून. म्हणून आधी बिगूल कसा वाजतो ते बघू.

बिगूल म्हणजे एक वळवलेली पितळी नळी. बटण नाही, भोक नाही. ओठ ताणले की सूर चढतो, सैल सोडले की उतरतो. पण मधल्या कुठल्याही जागी थांबता येत नाही. नळीच्या लांबीला जे सूर मानवतात तेवढेच निघतात, आणि कामाचे म्हणाल तर पाच: सा, प, सां, गं, पं. रे नाही, म नाही, ध नाही, नी नाही. आपल्या तुतारीचं गणितही हेच आहे. तिच्यावर कुणी गाणं वाजवत नाही, ललकारी देतात, त्याचं कारण हेच.

पहिल्या महायुद्धानंतर घरी परतलेल्या सैनिकांच्या संघटनांनी, म्हणजे अमेरिकन लीजन आणि 'व्हीएफडब्ल्यू' यांनी, हे बिगूल आणि ढोल घेऊन पथकं उभी केली आणि स्पर्धा सुरू केल्या. पाच सुरांत किती दिवस भागणार? १९३०च्या सुमारास बिगुलाला एक व्हॉल्व्ह आला. तो दाबला की नळी लांब होते आणि सगळी सुरावट सा वरून खालच्या प वर घसरते. म्हणजे आता दोन बिगूल एकात. प ला सा मानून तेच पाच सूर काढून बघा: प, रे, प, नी, रे. रे आणि नी मिळाले! म आणि ध मात्र अजून वाटच बघत होते. मग आणखी एक फिरता व्हॉल्व्ह जोडला गेला. पण तो साध्या ट्रम्पेटसारखा सरळ शेजारी नव्हता, वाद्याच्या दुसऱ्याच जागी होता. त्यामुळे वाजवणाऱ्याची बोटं आणि डोकं दोन्हींची परीक्षा.

इथे कुणीही विचारेल, सरळ तीन व्हॉल्व्हचं ट्रम्पेट का नाही घेतलं? कारण नियम. स्पर्धा घेणाऱ्या माजी सैनिकांच्या मते ते बिगुलाचं पथक होतं, ट्रम्पेटचं नव्हे. आणि नियम त्यांच्या हातात होते. नियम कुणी करायचे आणि तिकिटाच्या पैशांतला वाटा कुणाला, या दोन प्रश्नांवरून शेवटी फाटलं. १९७१ साली संघांनी एकत्र येऊन स्वतःची संस्था काढली, ड्रम कोर इंटरनॅशनल, सगळे म्हणतात 'डीसीआय'. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर या छोट्या गावात पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि कॅलिफोर्नियाच्या ॲनाहाइम किंग्समेननी ती जिंकली.

सूत्रं स्वतःच्या हाती आल्यावर नियम सैलावू लागले. १९७७ साली दोन उभे व्हॉल्व्ह चालू झाले. आता वरच्या सप्तकात फारसं काही अडत नव्हतं. खालच्या सप्तकात सा च्या लगेच वरचे दोन्ही रे आणि कोमल ग मात्र गाळलेलेच राहिले, त्यामुळे रचना करणारे त्या खड्ड्यांना वळसा घालून सुरावट लिहीत. तिसरा व्हॉल्व्ह आला १९९० साली. बारा सूर पुरे व्हायला एवढी वर्षं लागली.

हे मी इतकं लांबण लावून सांगितलं, कारण १९८८चा मॅडिसन स्काउट्स त्याशिवाय कळत नाही. विस्कॉन्सिनचा हा संघ, त्या काळी फक्त मुलांचा. कॅन्सस सिटीतल्या अंतिम फेरीत त्यांनी एर्नेस्टो लेकुओनाचं 'मालागेन्या' वाजवलं आणि सगळ्यांना चकित करून अजिंक्यपद नेलं. रेकॉर्डिंग ऐकलं की पहिल्यांदा जाणवतो तो त्या हॉर्नचा चरचरीतपणा. सूर शंभर टक्के जुळलेले नाहीत, कडा खरखरीत आहेत, पण आवाज छातीवर येऊन आदळतो. ती दोन व्हॉल्व्हची, पांढरी पाचची वाद्यं. नेहमीच्या ट्रम्पेटपेक्षा नळी लांब, आवाज मोठा, आणि सुरात धरून ठेवायला हट्टी. त्या हट्टीपणाशी झुंजणारी साठ-सत्तर पोरं एकदम तार सप्तकात जातात तेव्हा जे होतं, त्याला जुने लोक 'जी चा आवाज' म्हणतात. मला विचाराल तर त्यात निम्मा बिगूल आहे आणि निम्मी जिद्द.

आता जरा अशा क्षणाची चिरफाड करू. प्रेक्षक उठून उभे राहतात ते बहुतेक वेळा हॉर्नलाइन वळते तेव्हा. पितळी वाद्याचे खालचे सूर चहूकडे पसरतात, पण आवाजाची धार, ती चकाकी, भोंग्याच्या तोंडातून समोर सरळ रेषेत जाते. म्हणून वाजवणारे पाठमोरे असले तर तुम्हाला गोधडीखालून यावा तसा आवाज येतो. मग सगळे एका ठोक्यावर गर्रकन फिरतात, भोंगे वरच्या रांगांकडे रोखतात, आणि तोच सूर, तेवढ्याच दमात, तिप्पट मोठा वाटतो. त्यात सगळे एका सरळ रेषेत खांद्याला खांदा लावून तुमच्याकडे चालत येत असतील तर त्याला 'कंपनी फ्रंट' म्हणतात. लष्करी कवायतीतून आलेली ही सर्वांत जुनी युक्ती. आणि अजून चालते, दर वेळी.

चालत वाजवण्यात दुसरी एक भानगड असते, ती मैदानाची. अमेरिकन फुटबॉलचं मैदान शंभर यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर. आवाजाला एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचायला पाव सेकंदाहून जास्त लागतो. मिनिटाला १८० ठोक्यांच्या लयीत एक ठोका असतो एक तृतीयांश सेकंदाचा. म्हणजे पलीकडच्या टोकाचं ऐकून तुम्ही ताल धरलात, तर तुम्ही जवळजवळ एक अख्खा ठोका मागे! लांब मिरवणुकीत पुढचे ढोल आणि मागचे ढोल कसे फाटतात हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना हे सांगायला नको. यावर तोडगा असा: मागे असलेल्या ड्रमलाइनने वाजवायचं आणि पुढच्यांनी कान मागे लावून त्यात मिसळायचं. दोघांचा आवाज मग प्रेक्षकांकडे एकत्र निघतो. अगदी मागे असणाऱ्यांनी मात्र कानांवर विश्वास न ठेवता समोर मंचावर उभ्या ड्रम मेजरच्या हाताकडे बघायचं. ही शिस्त ज्याला जमली नाही तो कितीही चांगला वादक असो, इथे उपयोगाचा नाही.

ढोलांची गोष्ट हॉर्नपेक्षा वेगळ्या दिशेने गेली. सत्तरच्या दशकात टिंपनी, म्हणजे ते तांब्याच्या कढईसारखे सुरात लावायचे ढोल, गळ्यात अडकवून चालायचे. एका पोराकडे एक ढोल, म्हणजे एका वेळी एक सूर. चार-पाच जण रांगेत, आणि सुरावट त्यांच्यात वाटून घेतलेली. माझा सूर आला की मी मारणार, नाहीतर नुसतं चालणार. झायलोफोनही गळ्यातच. १९८२ साली ही अवजड वाद्यं जमिनीवर ठेवायला परवानगी मिळाली आणि मैदानाच्या पुढच्या कडेला 'पिट' तयार झाला. मरिम्बा, व्हायब्राफोन, घंटा, झांजा असं कायकाय तिथे मांडलं गेलं, आणि कवायतीच्या बँडला अचानक ऑर्केस्ट्राचे रंग मिळाले. ऐंशीच्या दशकातच चालत्या स्नेअर ड्रमवर, म्हणजे दोन काठ्यांनी वाजवायच्या छोट्या ढोलावर, केव्हलारचं पान आलं. हे बुलेटप्रूफ जाकिटात असतं तेच केव्हलार. ते इतकं ताणता येतं की आवाज धपधप न येता ताशासारखा कडकडीत सुटा येतो. पान ताणलं तशी काठी जास्त उसळू लागली, बारीक बोल वाजवता येऊ लागले, आणि लिहिणाऱ्यांनी मग पोरांना अजिबात दयामाया दाखवली नाही.

गुण देण्याची पद्धतही बदलली, आणि माझ्या मते शैली बदलण्यात तिचा वाटा व्हॉल्व्हपेक्षा मोठा आहे. जुनी पद्धत वजाबाकीची होती. परीक्षक पाटी-पेन्सिल घेऊन प्रत्यक्ष वादकांच्या रांगांमधून हिंडत. कुणाचा पाय चुकला, काठी उशिरा पडली, सूर फुटला की एक रेघ. एक रेघ म्हणजे दशांश एक गुण वजा. याला 'टिक' म्हणत. आता विचार करा, जिथे चुकीला दंड आहे आणि अवघडाला बक्षीस नाही, तिथे शहाणा माणूस काय करेल? सोपं लिहील आणि घोटून घेईल. मैदानाच्या मधोमध आरसा उभा केल्यासारखी डावी-उजवी बाजू सारखी, ही त्या काळची रचना. तिच्यातही सौंदर्य होतं. वायोमिंगच्या ट्रूपर्स संघाचं सूर्यासारखं उलगडणारं आणि गोल फिरणारं चक्र लोक अजून विसरलेले नाहीत. पण धोका पत्करायला कारण नव्हतं.

१९८३चा मोसम टिकचा शेवटचा. त्याच वर्षी न्यू जर्सीच्या गारफील्ड कॅडेट्सनी पहिल्यांदा डीसीआयचं अजिंक्यपद मिळवलं. त्यांचे कवायतकार जॉर्ज झिंगाली यांनी आरसा फोडून टाकला होता. आकृत्या मैदानभर वाहत, ताणल्या जात, एकमेकींत शिरत, आणि पोरं वाजवता वाजवता अक्षरशः पळत. पुढच्या वर्षी नवी गुणपद्धत आली, चांगल्याला गुण मिळवून देणारी, आणि कॅडेट्सनी बर्नस्टाइनचं 'वेस्ट साइड स्टोरी' उभं करून ९८ गुण घेतले. तिसऱ्या वर्षीही तेच जिंकले. त्यानंतर कुणालाही मागे फिरता आलं नाही. आज १०० पैकी ४० गुण एकूण परिणामाला, ३० दृश्याला, ३० संगीताला. म्हणजे सगळ्यांत मोठा तुकडा 'हे बघून काय वाटलं' याचा.

बिचारे कॅडेट्स. १९३४ साली सुरू झालेला हा संघ २०२४ मध्ये बंद पडला.

पण त्यांच्या विजयांपैकी सर्वांत जास्त चर्चा होते ती १९९३च्या विजयाची, आणि तीही हरलेल्या संघामुळे. स्टार ऑफ इंडियाना हा बिल कुक या उद्योगपतीने १९८४ साली काढलेला संघ. जुन्या संघांच्या चाहत्यांना तो 'पैसेवाल्याचा' म्हणून आधीच खटकायचा. १९९१ला त्यांनी रेस्पिगीच्या 'पाइन्स ऑफ रोम'वर अजिंक्यपद मारलं. तो भव्य, गोड, टाळ्यांचा कार्यक्रम होता. आणि दोन वर्षांनी त्यांनी मैदानात आणले बार्बर आणि बार्टोक हे विसाव्या शतकातले संगीतकार. विषय ग्रीक कथेतल्या मेडीयाचा, पोटच्या पोरांना मारणाऱ्या आईचा. संगीत कर्कश, तुटक, मध्येच ऐकू येईल न येईल इतकं हळू. हालचाली नर्तकांच्या, सैनिकांच्या नव्हे. वळून भोंगे रोखण्याचा तो ठरलेला क्षण जिथे यायला हवा तिथे येतच नाही. मोसमभर काही प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. मिसिसिपीतल्या जॅक्सनमध्ये अंतिम फेरी झाली: कॅडेट्स ९७.४, स्टार ९७.३. टिकच्या भाषेत बोलायचं तर एका रेघेचं अंतर.

त्या मोसमानंतर स्टारने स्पर्धाच सोडली. पितळ आणि ढोल घेऊन ते रंगमंचाकडे वळले आणि पुढे 'ब्लास्ट!' नावाचा प्रयोग उभा केला. १९९९ला लंडन, मग ब्रॉडवे, आणि २००१चा टोनी पुरस्कार. ज्यांनी हुर्यो उडवली तीच पिढी आता त्या १९९३च्या रेकॉर्डिंगला मैलाचा दगड म्हणते. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अर्ध्यावर बंद केलं होतं, हे कबूल करतो. तिसऱ्या खेपेला जरा दार उघडलं.

२०००च्या पट्टीबदलाने काय झालं? काळी पाचची वाद्यं बाजारात सर्रास मिळतात, शाळेत पोरं तीच शिकलेली असतात, ती सुरात राहतात. हॉर्नलाइन एकदम गुळगुळीत वाजू लागली. तोटा झाला तो खरखरीचा. त्यावर इतकी वर्षं वाद चाललाय, आणि दोन्ही बाजूंचं खरं आहे.

त्याहून मोठं भांडण विजेवरून. २००४ साली पिटसमोर माइक लागले, २००९ साली सिंथेसायझर आले. माइकचं समर्थन पटण्यासारखं होतं. मरिम्बा मोठ्या स्टेडियममध्ये पोचावी म्हणून वादक ती ठोकून काढायचे, आता हलक्या हाताने वाजवता येते. पण माइक आला तसं निवेदन आलं, बोलणी आली. काही कार्यक्रम ऐकताना रेडिओवरची जाहिरात थांबायची वाट बघतोय असं वाटायचं. सिंथेसायझरचा खालचा गडगडाट तर इतका बोकाळला की ढोलांचं काम काय, असा प्रश्न पडावा.

म्हणूनच मला २००८चा फँटम रेजिमेंट आठवतो. इलिनॉयमधल्या रॉकफर्डचा हा अभिजात संगीतावर पोसलेला संघ. विषय स्पार्टाकस, गुलामांचा बंडखोर नेता. हॉर्नवाले गुलाम, ड्रम मेजर स्पार्टाकस. कार्यक्रमात एकेक वादक ओरडतो, 'मी स्पार्टाकस!' अंतिम फेरी इंडियानातल्या ब्लूमिंग्टनमध्ये होती, आणि तोवर हा कार्यक्रम सगळ्यांना पाठ झाला होता. त्या रात्री प्रेक्षकांतूनही तीच आरोळी उठली. निकाल: फँटम ९८.१२५, कॅलिफोर्नियाचे ब्लू डेव्हिल्स ९८.१००. ब्लू डेव्हिल्स म्हणजे या खेळातले दादा लोक, १९७६पासून वीसहून जास्त अजिंक्यपदं, जॅझच्या अंगाने वाजवणारे, चुका जवळपास न करणारे. त्यांना गुणाच्या चाळिसाव्या हिश्श्याने हरवणं यातली मजा पुढच्या रांगेतल्यांनाही आवरली नाही.

नव्या काळातला माझा आवडता क्षण मात्र विजेचाच आहे. २०१४, ओहायोतल्या कँटनचे ब्लूकोट्स, कार्यक्रमाचं नाव 'टिल्ट'. पूर्ण हॉर्नलाइन एक सुरांचा गठ्ठा धरते आणि तो गठ्ठा, सगळाच्या सगळा, खाली घसरतो. मींड! पितळ कुठे संपतं आणि सिंथेसायझर कुठे सुरू होतो ते कानाला पकडता येत नाही. जमीन कलल्यासारखं पोटात होतं. सा वरून प वर उडी मारण्यापलीकडे काही येत नसलेल्या वाद्याच्या घराण्यात हे घडलं, म्हणून त्याचं अप्रूप. ब्लूकोट्सना त्या वर्षी दुसरा क्रमांक मिळाला, कारण ब्लू डेव्हिल्सनी ९९.६५० गुणांचा विक्रम केला. दोन वर्षांनी ब्लूकोट्सनी टोप्या काढून टाकल्या, मैदानावर उतार आणि घसरगुंड्या मांडल्या आणि पहिलं अजिंक्यपद घेतलं. गणवेशात टोपी नाही म्हटल्यावर कुणाकुणाच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, ते तुम्हीच ताडा.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर १९८८चा मॅडिसन आणि २०१४चा टिल्ट पाठोपाठ ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावून. मधली सव्वीस वर्षं कुणी समजावून सांगायला लागणार नाहीत. आणि ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारच्या आसपास कधी इंडियानापोलिसला असाल, तर तिकीट महाग वाटलं तरी स्टेडियमच्या बाहेर जरूर चक्कर मारा. अंतिम फेरी २००९पासून तिथेच होते. कडेच्या मोकळ्या जागेत संघ अर्धवर्तुळात उभे राहून सराव करतात, आणि स्नेअरवाल्यांच्या काठीपासून हातभर अंतरावर लोक दाटीवाटीने उभे असतात. तिथे माइक नाही, सिंथेसायझर नाही. आठ-नऊ पोरं एका रांगेत, डोळे समोर, उजव्या हाताचे आठ ठोके, डाव्या हाताचे आठ, पुन्हा उजव्याचे आठ. नऊ काठ्यांचा आवाज एका काठीसारखा येईपर्यंत ते दुसरं काही वाजवत नाहीत.